आठ कप्प्यांची पिशवी

सुनेनं नखं कापली, तिथून मला संशय यायला लागला.

नखं सगळेच कापतात. पण ही पार मुळापर्यंत कापायला लागली, आणि दर चार दिवसांनी. सोप्यात बसायची, पेपर पसरायची, एकेक बोट उजेडाकडं धरून बघायची. बायको जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरात मी, सून आणि दोन म्हशी. पोरगा मिल्ट्रीत, लांब, बर्फाच्या बाजूला. घरात सासू नाही, नवरा नाही, आणि ही बाई नखांकडं बघत बसते. का?

मी चौथी शिकलेला माणूस. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं उसाला पाणी पाजण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही, पण संशय घ्यायची आहे. पाण्याच्या पाळीला जरा डोळा लागला की शेजारी पाटाचं बारं फोडून पाणी आपल्या रानात घेतो, हे बघत मोठा झालो. बायको म्हणायची, "तुमी देवाच्या परसादातबी खडा हुडकता." हुडकायचोच. आणि कधी कधी सापडायचाही.

मग तिनं डोक्याला तेल लावायचं सोडलं. रोज चपचपीत वेणी घालणारी बाई, केस कोरडे भुरभुरीत. विचारलं तर म्हणाली, "संपलंय आबा." मी फडताळात बघितलं. अर्धी बाटली भरलेली होती.

रोज साडेचारला म्हशींची धार काढून ती किटली घेऊन डेअरीला जायची. डेअरी घरापासून एक विडी ओढून होईस्तोवर येते. ही दिवस बुडताना परत यायची. "गर्दी व्हती," म्हणायची. आमच्या डेअरीत गर्दी? सकाळी असते, संध्याकाळी तिथं कुत्रं झोपलेलं असतं. आणि येताना किटली खुळखुळायची. दूध घालून आलेली रिकामी किटली खुळखुळते कशी? एकदा ती हातपाय धुवायला गेली तेव्हा मी झाकण उघडून बघितलं. तळाला एक जोडवं. पायातलं जोडवं किटलीत कसं जातं, ते मला कुणी सांगावं.

पायरीवर तिच्या टाचेची माती पडलेली असायची, तांबडी. आमचं शिवार काळं. तांबडी माती गावात दोन जागी, एक तालमीत आणि एक शाळेच्या मागच्या मैदानात. तालमीत बाई जात नाही. राहिली शाळा. शाळेत त्याच वर्षी एक नवा मास्तर आलेला, मोटारसायकलवाला, काळा चष्मा लावणारा. आता जो काही विचार माझ्या मनात आला, तो कुठल्याही बापाच्या मनात आला असता.

त्यातच थंडी वाढली, म्हणून मी बायकोची ट्रंक उघडली. तिची एक लोकरीची शाल होती, ती पाहिजे होती. शालीच्या खाली एक पिशवी निघाली. खणाच्या चिंध्या जोडून शिवलेली, लांबडी, सुरळी करून नाडीनं बांधलेली. उलगडली तर आत आठ कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण. एका कप्प्यात दोन काळे मणी, एकात मोडकी पिन, बाकीचे रिकामे. मणी तिच्या मंगळसूत्रातले नव्हते. तिचं मला पाठ आहे. आणि पिशवीखाली बत्ताशांचा पुडा, किलोभराचा, अर्धा संपलेला, मुंग्या लागलेला.

मी खाली बसलो. गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये, हे मलाही कळतं. पण हे होतं काय? दुसऱ्या बायकांच्या गळ्यातले मणी माझ्या बायकोच्या ट्रंकेत कशाला? करणी-बिरणी तर नव्हे? चाळीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्याबद्दल असलं मनात आलं, आणि माझीच मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून संशय गेला असं मात्र नाही. मी पिशवी गोठ्यात माळ्यावर कडब्याच्या आत सरकवली. ट्रंक लावली, आणि झाकणाच्या फटीत कडब्याचं एक वाळकं पान बसवून ठेवलं. ट्रंक कुणी उघडली तर पान पडणार.

दुसऱ्या दिवशी मी रानातून आलो, तर पान खाली.

म्हणजे सून पिशवी शोधत होती. म्हणजे ह्यात दोघी होत्या, जिवंत आणि मेलेली. माझ्याच घरात, माझ्या पाठीमागं.

त्याच आठवड्यात मी कालव्याच्या पुलाजवळ उसात उभा होतो. पाणी बघायला गेलो होतो, असं सांगता येईल. पण पाणी बघत नव्हतो, वाट बघत होतो. ती आली. पुलावर थांबली, किटली खाली ठेवली. इकडं तिकडं बघितलं. किटलीचं झाकण काढलं, हात घालून मंगळसूत्र काढलं आणि चालता चालता गळ्यात घातलं.

नवरा सीमेवर आणि बायको उघड्या गळ्यानं गावातून फिरते. उसाच्या पानानं गाल कापला, तेही घरी आल्यावर कळलं.

असलं दृश्य मी दुसऱ्यांदा बघत होतो.

पहिल्यांदा बघितलं ते चाळीसएक वर्षांपूर्वी. तिचं माहेर सांगलीकडं, कृष्णेच्या काठाला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती पंचमीला माहेरी गेलेली, मी आणायला गेलो. घरी कुणी नाही. म्हातारी म्हणाली, पोरी खेळायला गेल्यात. मला वाटलं फेर धरला असेल, झोका बांधला असेल. नदीकाठच्या मळीच्या रानात गेलो, तर तिथं हुतूतू चाललेला. पोरी आणि लग्न झालेल्या बायका, सगळ्या काष्टा घट्ट मारून. मधल्या रेघेवरून एक बाई दम घेऊन पलीकडं गेली, दोघींना शिवली, तिसरीनं पाय धरला तरी तिला ओढत ओढत रेघेपर्यंत आली. लोळली, हात रेघेला टेकवला, उठून हसली. ती माझी बायको. गळा उघडा. हातात एक बांगडी नाही.

त्या सालात माझा थोरला भाऊ वारला होता. वहिनीच्या बांगड्या फोडल्या, गळ्यातलं तोडलं, तेव्हा मी दाराशी उभा होतो. वहिनी बावीस वर्षांची होती. अजून शेजारच्याच घरात राहते. तर उघडा गळा म्हणजे काय, हे माझ्या डोळ्यांत ताजं होतं. मळीत उभ्या उभ्या मला वाटलं, मी मेलोय आणि ही हसतेय.

तिथं काही बोललो नाही. एसटीत काही बोललो नाही. घरी आल्यावर म्हणालो, "मी मेलो का?" आणि हात उचलला. लपवत नाही, उचलला. मग माझ्या जिवाची शपथ घातली, मी जिवंत आहे तोवर गळ्यातलं गळ्यातून निघणार नाही. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं."

तिनं पाळलं. बाळंतपणात पाळलं, आंघोळीला पाळलं. दिवाळीनंतर तीन दिवसांच्या तापात गेली, तेव्हाही ते गळ्यातच होतं. सरणावर ठेवायच्या आधी बायका म्हणाल्या, सोनं काढून घ्यावं लागतं. मी म्हणालो, कुणी हात लावायचा नाही, मी काढतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते निघालं, आणि माझ्याच हातानं निघालं. गळ्यावर मागं एक पांढरी रेघ होती. तेव्हापासून ते माझ्या बंडीच्या आतल्या खिशात असतं. कुणाला दाखवलेलं नाही.

तर रविवारी पोराचा फोन आला. दर रविवारी दुपारी येतो. मी फोन घेऊन गोठ्यात गेलो.

"तुझी बायको गळ्यातलं काढून फिरती," मी म्हणालो. आडपडदा मला जमत नाही.

तो म्हणाला, "आबा, ती कबड्डी खेळती. शाळंच्या मैदानात. मला म्हाईत हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. आन् आईनंबी. आई तर सोताच तिथं—"

रेंज गेली. ऐन वेळेला जाते. पुन्हा लागला नाही.

आता मला वाटलं, पोरगं बायकोवर पांघरूण घालतंय, आणि त्यासाठी मेलेल्या आईचं नाव घेतंय. कबड्डी म्हणे. म्हणजे हुतूतूच की. नाव बदललं, गळा उघडाच. मी आत गेलो. सून चुलीपुढं होती.

"उद्यापासनं डेअरीला मी जाणार. तू घराबाहेर पडायचं न्हाई. मी हाय तोवर ह्या घरातल्या बाईच्या गळ्यातलं निघणार न्हाई. न्हाई पटलं तर म्हायेरची वाट मोकळी हाय."

तिनं भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलं नाही.

"बरं," म्हणाली.

तोच शब्द. तसाच, खाली मान घालून, पाणी ओतल्यासारखा. चाळीस वर्षांनी माझ्या घरात तो पुन्हा ऐकला आणि ताट सारून मी उठलो.

पुढचे तीन दिवस किटली मी नेली. पहिल्याच दिवशी डेअरीवाला म्हणाला, "आबा, सूनबाई आजारी हाय का? आठ दिवसांवर जत्रा आली. तिच्याबिगर चढाईला कोण जाणार?"

"तुला काय ठावं रं?"

"आवं, सगळ्या गावाला ठावं हाय. गेल्या साली सेमीफायनलला हरलो, तवा आमी मापं सोडून बघाय गेलतो."

सगळ्या गावाला ठाऊक, मला नाही. आता गाव एवढं मिळून माझ्यापासून लपवतंय, म्हणजे त्यात लपवण्यासारखं असणारच, असं मी घरी येईपर्यंत मनाशी पक्कं केलं. घरी सून तांदूळ निवडत बसलेली. नखं वाढायला लागली होती. डोक्याला तेल लावलं होतं. सगळं मला पाहिजे तसं झालं होतं, आणि घरात शब्द नव्हता. म्हशीसुद्धा हळू रवंथ करत होत्या असं वाटायचं.

चौथ्या दिवशी अंगणात सहाजणी येऊन उभ्या राहिल्या. पुढं वरच्या आळीची थोरली सून, चाळिशीची, अंगानं दांडगी. तिच्या मागं तांबोळ्याची सून आणि बाकीच्या. आमची वहिनी कुंपणाजवळ शेण थापत होती, तीही हात न धुताच आली.

"या, च्या घ्या," मी म्हणालो. म्हणायचं म्हणून.

"च्या नगं आबा. आमची पिशवी द्या," थोरली म्हणाली.

"कसली पिशवी?"

"आठ कप्प्यांची. काकीनं शिवलेली. ट्रंकेत न्हाई. तुमची सून म्हणली, आबांनी लपवली."

"तिला कसं ठावं मी लपवली?"

"ट्रंकेला कडब्याचं पान लावून ठेवणारा दुसरा कोण हाय ह्या घरात?"

सगळ्या खळखळून हसल्या. आतून सुनेच्या हसण्याचाही आवाज आला, आणि लगेच बंद झाला.

"आदी सांगा ती हाय कशाची," मी म्हणालो. "मग बघू."

थोरली खाली बसली. पायरीवर, माझ्यासमोर.

"आबा, आमी सगळ्या शाळंत खेळलेल्या. माझ्या तर घरात शिल्डं व्हती. लगीन झालं आन् सगळं खुंटीला. सोळा-सतरा वर्सं झाली असतील, पल्याडच्या गावच्या जत्रंत सुनांची कबड्डी ठेवली. आमच्या गावातनं सातजणी तयार झालो. मैदानात गेलो, तर पंच म्हणतो, अंगावर दागिना चालत न्हाई, कुणाला लागंल. नखं कापा, तेल पुसा, गळ्यातलं, बांगड्या, जोडवी, समदं काढा. सासवा बसल्या व्हत्या समोर. त्या उठल्याच. भर जत्रंत गळं उघडं करता व्हय, नवरं मेलं का तुमचं?"

मी मान खाली घातली. माझेच शब्द.

"आमी निघालो परत. तवा बायकांतनं काकी उठल्या. रेघंजवळ येऊन फतकल घातली, पदर पसरला, आन् म्हणाल्या, 'माझ्या वटीत टाका. माझं गळ्यातलं गळ्यात हाय, माझा नवरा जित्ता हाय. सासवांस्नी सांगा, उतरवलं न्हाई, सवाष्णीच्या वटीत ठेवलंय.' आबा, एक सासू बोलली न्हाई. सात मंगळसूत्रं त्या वटीत पडली. हिची पोतबी." तिनं तांबोळ्याच्या सुनेकडं बोट केलं. "न्हाई, हिच्या सासूची. ही तवा शाळंत जात व्हती."

तांबोळ्याची सून म्हणाली, "आमच्या सासू सांगतात, काकींनी वटीत पोत घेतली आन् मंगळसूत्रात गुतू नये म्हणून एगळी गाठ मारली."

"मग दर साली गळ्यातल्यांची अदलाबदल व्हायची, तवा काकींनी पिशवी शिवली. जिचा तिचा रंग. साडी खोचून खेळायचो, मग पंजाबी ड्रेस आला, आता टी-शर्ट आन् पँट. माती जाऊन मॅट आलं. सासवा मेल्या, सुना सासवा झाल्या. पर सराव असू दे न्हाईतर मॅच, वटी काकींचीच."

"ती तर देवळात जायची," मी म्हणालो.

"देऊळ शाळंच्या वाटंवरच हाय की आबा."

तेव्हा मला बत्तासे आठवले. फार वर्षांपूर्वी एकदा मी तिला विचारलं होतं, रोज देवळात जातेस, मग परसाद कुठाय? ती म्हणाली, संपला. दुसऱ्या दिवसापासून रोज येताना दोन बत्तासे आणायला लागली. मी रोज ते कपाळाला लावून खायचो. किलोचा पुडा ट्रंकेत होता, आणि मी सोळा वर्षं कपाळाला लावत होतो.

राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. एवढं लपवणारी बाई आणखी काय काय लपवून गेली असेल?

"ती खेळली का कवा?" मी विचारलं. मला ते पाहिजे होतं. शपथ मोडली का नाही.

"न्हाई," थोरली म्हणाली. "एकदा एकीचा पाय मुरगळला, आमी सहाच उरलो. राखीव आमच्यात कवा असतंय? मी म्हणलं, काकी, तुमीच या. तुमचं चालणं बगूनच कळतंय तुमी खेळलेल्या. तर म्हणाल्या, 'न्हाई गं. मला बोली हाय.' कुणाची ते सांगितलं न्हाई. आमी सहाजणी खेळलो आन् हारलो. काकी डोळं पुसत व्हत्या, आमाला वाटलं हारल्याचं."

मी उठलो, गोठ्यात गेलो, माळ्यावरून पिशवी काढली. कडब्याचं कूस झटकलं. थोरलीपुढं धरली. तिनं घेतली नाही.

"मला देऊन काय करू? मी खेळू का धरू? काकी गेल्यापास्नं सरावाला किटलीत टाकतोय समदं. ते कुणीतरी बगितलं, आन् सासवा पुन्हा उठल्यात. रेघंला कोण बसणार ते सांगा, मग जावा, म्हणत्यात. तुमची सून आली तर सात, न्हाईतर मॅच न्हाई. आन् धरणारं माणूस न्हाई, तरी मॅच न्हाई."

"एकांदी सवाष्ण बगा की."

"जी सवाष्ण मोकळी हाय ती येत न्हाई, जी येती ती खेळती."

"मी धरते म्हणलं व्हतं," वहिनी म्हणाली. शेणाचे हात तिनं लुगड्यापासून लांब धरले होते. "तर सासवा म्हणल्या, तुमी नगं. रांडमुंड बाईच्या हातात कसं द्यायचं."

मी म्हणालो, "मग मीबी तसलाच की आता."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. त्या बाईनं चाळीस वर्षांत मला कधी उलटून शब्द दिला नव्हता.

"भावजी, माझा नवरा मेला तवा माझ्या अंगावरचं समदं काढलं. तुमी दारात हुबं व्हता. तुमची बायको मेली, तर तुमच्या अंगावरनं कुणी काय काढलं?"

मी टोपीला हात लावला. टोपी होती. बंडी होती. मिशासुद्धा दहाव्याला काढल्या होत्या, त्या परत आल्या होत्या.

"कायबी न्हाई," मी म्हणालो.

"मग तुमाला कसला इटाळ? नियम आमालाच. तुमचा कुणी केलाच न्हाई. धरा की तुमी."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "बाप्यामाणूस?" थोरलीनं मांडीवर थाप मारली. "बरं हाय की! सासवांस्नी मी सांगते. ह्या आबांएवढा संशयी माणूस तालुक्यात न्हाई. पिशवीवर माशी बसली तर तिचं गाव इचारतील. ह्यांच्याइतकं कोण सांभाळणार?"

परत हसल्या. मी नाही हसलो. मी दाराकडं बघितलं. सून उंबऱ्यात उभी होती, हात पदरात. ती काही मागत नव्हती. माझी बायकोही त्या दिवशी काही मागत नव्हती.

"नखं वाढलीत तुझी," मी म्हणालो. "कापून घे."

ती आत पळाली. आडकित्ता, डबे, काय काय पाडल्याचा आवाज आला.

पल्याडच्या गावची जत्रा माघात असते. टेंपोत बसून गेलो. मॅट निळंशार, आमच्या वेळच्या मळीसारखं काही नाही, कडेनं बांबू, वर लाउडस्पीकर. रेघेपासून चार हातांवर मला खुर्ची दिली. मी ती आधी हलवून बघितली. मग पाठ बांबूला लागेल अशी फिरवून ठेवली. पाठीमागून कुणी यायला नको.

सातजणी आल्या. एकेकीनं मान वाकवली, गळ्यातलं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून रंग बघून कप्प्यात घातलं. लाल थोरलीचा, पिवळा तांबोळ्याच्या सुनेचा. जोडवी त्याच कप्प्यात, खाली. मी घाईघाईनं कप्पे चाळत होतो, तर थोरली म्हणाली, "आबा, सावकाश. सासवा बगत्यात." समोर सासवांची रांग खरंच बसली होती, तोंडाला पदर लावून, माझ्या हातांकडं नजर. मीही त्यांच्याकडं नजर लावली. बघा म्हटलं.

शेवटी सून आली. तिनं मंगळसूत्र काढलं. निळा कप्पा पुढं केला, त्यात टाकलं आणि रेघ ओलांडून गेली.

मी मोजले. सात कप्पे भरले. आठवा, हिरव्या दोऱ्याचा, रिकामा. बाकीच्या कप्प्यांची तोंडं हात लागून लागून काळपट झालेली, खण विरलेला. ह्याचा रंग अजून पहिल्या दिवसासारखा. एकदाही कुणी हात घातला नव्हता. सरावाला नाही, मॅचला नाही; राखीव नसायचीच, कधी साताच्या आठ झाल्या नाहीत. मग हा कशाला शिवला? सुनेला मी आदल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "आत्तींनाबी इचारलं व्हतं आमी. म्हणल्या, कापड उरलं व्हतं."

कापड उरलं म्हणून कुणी वेगळा दोरा ओवत नाही. एवढं मला शिवणातलं कळतं.

शिट्टी झाली. मी खेळ फारसा बघितला नाही. पिशवी मांडीवर, दोन्ही हात वर, आणि नजर भोवती. फोटो काढणारा एक पोरगा फार जवळ यायला लागला, त्याला हाकललं. एक बाई आरतीचं ताट घेऊन मुद्दाम माझ्यापुढूनच तीन वेळा गेली, तिच्यावर लक्ष ठेवलं. पण कान मॅटवर होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आमच्या सुनेचा आवाज, बारीक, न तुटणारा. लोक ओरडले. मग गप्प झाले. मग दणकन पडल्याचा आवाज आणि ओरडा. मी एकदाच मान वळवली. तिघींनी तिला धरलं होतं आणि ती लोळत, ओढत, हात लांब करून रेघेकडं येत होती. रेघेला बोट टेकलं. उठली आणि हसली.

मी बंडीत हात घातला. आतल्या खिशातलं काढलं. बोली मी जिवंत असेपर्यंतची होती, आणि मी अजून जिवंत आहे. पण बोली घालणाराही मीच होतो. हिरव्या कप्प्यात ते ठेवलं आणि नाडी ओढून गाठ मारली. दोन गाठी मारल्या.

शेजारी एक पागोटेवाला म्हातारा बसलेला, त्याच गावचा. केव्हापासून माझ्या मांडीकडं बघत होता. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नव्हतं.

"पावणं, पिशवीत काय हाय?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, सहज. तुमच्या गावच्या पोरी चांगल्या खेळत्यात. कितीजणी हायत?"

"आठ."

त्यानं मॅटवर बोट नाचवत मोजलं. "सातच दिसत्यात की."

"मग नीट मोज," मी म्हणालो, आणि पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.